थंड घरातली अढी

रोझारियो फर्नांडिसांच्या नव्या घरात आंबे पिकेनात.

ही बातमी बाहेर फुटली असती, तर देवगड तालुक्यात त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. इथे एखाद्याचं ठरलेलं लग्न मोडलं तर लोक समजून घेतात. पण स्वतःच्या बागेतला हापूस स्वतःच्या घरात पिकत नाही म्हणजे काय? मे महिन्यात दाराशी आलेल्या पाहुण्याच्या हातावर पिकला आंबा ठेवता येऊ नये, याहून मोठी नामुष्की त्या किनाऱ्यावर अजून कोणी शोधून काढलेली नव्हती. म्हणून रोझारियो माळ्यावर एकटेच उकिडवे बसले होते आणि अढीवरचं गवत बाजूला सारून एकेक आंबा दाबून पाहत होते. आंबा दगड. नाकाशी नेला, तर वासाचा पत्ता नाही. दुसरा घेतला, तोही तसाच.

"सोकोरो!" त्यांनी दबक्या आवाजात बायकोला हाक मारली. "वर ये गो वायच. आणि येताना दार लावून ये."

सोकोरोबाई वर आल्या, त्यांनीही दोन आंबे दाबले आणि परत गवतात ठेवून दिले.

"हिरवेगार आसत," त्या म्हणाल्या.

"ता माकाय दिसता. कित्याक हिरवे ता सांग."

"ह्या घरात माणसांका पाठ टेकल्याबरोबर निज येता. आंब्यांकाय इली आसतली."

रोझारियोंना हसू आलं नाही. बायकोने अगदी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. दोष घराचाच होता, आणि घराचा म्हणजे त्यांची मुलगी रॉविना हिचा. रॉविना मुंबईला शिकून आर्किटेक्ट झाली आणि कुडाळला ऑफिस थाटून बसली. घर बांधायचं तर आसपासच्या मातीने जे दिलंय त्यातूनच बांधावं, वारा आणि सावली यांच्याकडून होईल तेवढं काम करून घ्यावं आणि त्यातूनही काही उरलं तरच विजेला विचारावं, असं तिचं म्हणणं. रोझारियोंचा जन्म गेला होता जहाजांच्या भटारखान्यात, भट्टीसमोर उभं राहून परक्यांसाठी पाव भाजण्यात. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी मुलीकडे एकच मागणं मागितलं. "माका थंड घर बांधून दी. बाकी तुका व्हया ता कर."

तिने बांधून दिलं. जवळच्या खाणीतल्या चिऱ्याच्या जाडजूड भिंती, आतून माती आणि चुन्याचा गिलावा, जुन्या घराचीच कौलं, जुनेच वासे. कौलांखाली बांबूचं दुसरं छत आणि दोहोंच्या मधून वाऱ्याला वाट. समुद्राकडच्या खिडक्या खाली, डोंगराकडचे झरोके वर, म्हणजे आलेला वारा घरभर फिरून वरून निघून जावा. हौस म्हणून पुढच्या खोलीत एक पंखाही बसवला होता. तो कोणी कधी लावलाच नाही, आणि आता त्यावर कोळ्याने संसार मांडला होता.

मार्च सरता सरता एका दुपारी रोझारियो बाजारातून घरी आले, उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकले. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आत पहाटेसारखी हवा होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, भिंतीला तळहात लावला. मग गाल लावला. "सायबा!" एवढंच ते म्हणाले. जन्मभर सोसलेली सगळी भट्टी त्या भिंतीने एका दमात काढून घेतल्यासारखं त्यांना वाटलं, आणि ते तसेच गाल टेकून रडले. त्या दिवसापासून ते घरात हळू बोलू लागले. येणारे लोकही चपला काढत आणि इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, शिरल्यासारखे गप्प होत. वीजमीटर वाचायला येणाऱ्या माणसाला मीटर बिघडलाय असं वाटलं. खात्री करायला तो आत आला आणि पाणी मागून बराच वेळ बसून राहिला.

दिपला नव्हता तो एकटा सदानंद धुरी. सदानंद तहसील कचेरीतून निवृत्त झालेला आणि रोझारियोंचा सख्खा शेजारी. त्याचा बंगला दोन मजली, वर स्लॅब, सरकत्या काचांच्या खिडक्या, आणि फरशी अशी चकचकीत की चालताना भिंत धरावीशी वाटावी. रोझारियोंचं घर पुरं झालं तेव्हा तो म्हणाला होता, "मातयेचा घर. पावसात बघूया." पावसाळा गेला, घर होतं तिथेच होतं. तेव्हा तो म्हणाला, "उन्हाळ्यात बघूया."

तसं त्याला म्हणू दिलं असतं, पण गावाच्या तिघांच्या बांधकाम समितीत तो होता, आणि समितीपुढे अंगणवाडी होती. गावची अंगणवाडी म्हणजे स्लॅबची एकच खोली. होळी झाली की मुलं तिथे खिचडी खात आणि लगेच रडायला लागत. अंगणवाडी चालवणाऱ्या अक्का एका हाताने घाम पुसत आणि दुसऱ्या हाताने मुलांना पुठ्ठ्याने वारा घालत. ती पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा रॉविनाने स्वतःहून नकाशा काढून दिला: चिऱ्याच्या भिंती, कौलं, झरोके. सदानंदाचा आग्रह मात्र पुन्हा स्लॅबचाच. रॉविनाला आजवर लोकांची घरं बांधायला मिळाली होती, पण गावाने आपलं म्हणून काही तिच्याकडून बांधून घेतलेलं नव्हतं. ही अंगणवाडी तिला जिवापाड हवी होती, आणि रोझारियोंना ती तिच्याहूनही जास्त हवी होती.

शेवटी सरपंच शर्मिला म्हणाली, "आयतवारी समिती तुमचा घर बघूक येतली, काका. मगे ठरवूया."

"दुपारी येवया," समितीतल्या तिसऱ्या सदस्य अक्का म्हणाल्या. "सकाळी सगळीच घरां थंड आसतत."

"येवा, येवा! माझ्या घरात पिकलेलो आंबो खावन जावा!" रोझारियो भरात बोलून गेले होते. आणि आता माळ्यावर हे असे हिरवे दगड.

कुडाळहून रॉविना आली ती थेट माळ्यावर गेली. तिने आंबा दाबला, हुंगला आणि तिचा चेहरा उजळला.

"पप्पा, एकपण पिकूक नाय!"

"ता आनंदान कित्याक सांगतंस?"

"घर बरोबर चालता म्हणान! आंबो पिकताना वायू सोडता, तो कोंडून रवलो की बाजूचे आंबे पिकतत. हय तो रवताच खंय? वारो घेवन जाता. आणि उकाडो तर नायच!" तिने मोबाइल काढला आणि हिरव्या आंब्यांचे चारी बाजूंनी फोटो काढले.

"आयतवारी शर्मिला येतली. तिच्या हातार काय ठेवू? फोटो?"

"बाजारातसून पिकलेले हाडूया."

"झाडां वाकली आसत माझ्या बागेत, आणि मी बाजारात आंबे घेवक जाव? त्यापरास इगर्जीत जावन कबूल करतंय. आणि आंबे पिकवच्या पावडरीचा तर नाव काढू नको." त्यांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली. "त्या सदानंदाक कळला ना, तर तो काय म्हणतलो म्हायत आसा? जंय आंबो पिकणा नाय, थंय पोरां काय वाढतली!"

रॉविनाचं हसू मावळलं. सदानंद हे नक्की म्हणेल, आणि गावाला ते नक्की पटेल, हे तिलाही कळत होतं. वाऱ्याचं गणित तिने समितीला दहा वेळा समजावलं असतं, पण या गावात आंब्यापुढे गणित चालत नाही.

मग रोझारियोंनी घराशीच युद्ध पुकारलं. सगळ्या खिडक्या लावल्या. झरोक्यांत गोधड्या कोंबल्या. माळ्यावर कोळशाची शेगडी नेऊन पेटवली आणि तिच्यापाशी ठाण मांडून बसले. सोकोरोबाईंनी मध्ये एकदा वर डोकावून विचारलं, "कसा वाटता?" रोझारियो कुरकुरत म्हणाले, "बरा वाटता. ताच तर वायट." शेगडीची ऊब भिंतींनी मुकाट्याने पिऊन टाकली, बांबूच्या छताने उरलीसुरली बाहेर वाट दाखवली, आणि घराला काही झाल्याचंही जाणवलं नाही. संध्याकाळी रॉविना वर गेली तेव्हा शेगडी विझलेली होती, आंबे हिरवे होते आणि पप्पा अढीशेजारी तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

"कसला गो घर बांधलंस ह्या!" उठल्यावर ते म्हणाले. रागाने सुरुवात केली होती, पण वाक्य संपेपर्यंत आवाज कापरा झाला. जन्मभर भट्ट्या पेटवलेल्या माणसाला स्वतःच्या घरातला एक माळा तापवता आला नव्हता. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि तिच्यापुढे हार मानली.

गावात हापूस पिकवायला देवाने निर्माण केलेली अशी एकच जागा होती, आणि ती होती सदानंदाच्या बंगल्याची वरची खोली. वर स्लॅब, पश्चिमेला काच, आणि वारा आत येईल अशी एकही चूक बांधणाऱ्याने केलेली नव्हती. रोझारियो दोन वेळा फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या वेळी सदानंदानेच त्यांना पाहिलं.

"सदानंद, तुझी वरची खोली मोकळी आसा?"

सदानंद सावध झाला. "कित्याक?"

"आमच्या माळ्यार चुन्याचो हात देवचो आसा. चार दिस आंबे ठेवीन म्हणतंय."

"ठेव की. बरी आसा खोली. हवेशीर."

"तर! हवेशीर तर आसाच," रोझारियो म्हणाले.

ती खोली मोकळी का आहे, हे त्यांनी विचारलं नाही. फेब्रुवारीनंतर तिथे माणूस टिकत नाही, हे सदानंदाने सांगितलं नाही. दोघेही एकमेकांवर उपकार केल्याच्या समाधानात वेगळे झाले, आणि आंबे मुकाट्याने बंगल्यात राहायला गेले.

तिथे आंब्यांनी जे केलं, ते पाहून रोझारियोंची मती गुंग झाली. दुसऱ्या सकाळी देठाकडे पिवळेपणा आला. तिसऱ्या सकाळी जिन्यावरच वास आडवा आला. शनिवारी खोली उघडली, तर गवताखाली सोनं होतं, आणि वास असा की रोझारियोंना क्षणभर भिंतीचा आधार घ्यावा लागला. भिंत भाजली म्हणून त्यांनी हात लगेच काढला. आंबे त्याच वेळी घरी न्यावेत असं त्यांच्या मनात आलं, पण घरच्या गारव्यात ते परत हिरवे होतील अशी त्यांना धास्ती वाटली. रविवारी समिती दारात यायच्या थोडं आधी न्यायचे, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी दुपारी ते टोपली घेऊन गेले, तर बंगल्याला कुलूप. सदानंद नाही, त्याची बायको जानकी नाही. हाका मारून रोझारियोंचा घसा बसला. तोवर वळणावर शर्मिलाची छत्री दिसली, मागून अक्का. रोझारियो रिकामी टोपली पाठीमागे धरून कुंपणावरून आपल्या अंगणात उतरले आणि पाहुण्यांसमोर हसत उभे राहिले.

"सदानंद इलो नाय?" शर्मिलाने विचारलं.

"परस्पर येतलंय म्हणालो हुतो," अक्का म्हणाल्या. "चला, भितूर जावया. डोक्या फुटाक इला उन्हान."

दोघी आत आल्या. शर्मिलाने पदराने कपाळ पुसायला हात वर नेला होता, तो तसाच राहिला. समुद्रावरून आलेला वारा खालून शिरला, पायांना लागला आणि वर निघून गेला. अक्का भिंतीशी गेल्या, खाली जमिनीवर बसल्या, पाठ टेकली आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. त्या कुठल्या देवाचं नाव घेत होत्या ते कळलं नाही, पण रॉविनाने ते पाहिलं आणि तिला गहिवरून आलं. अंगणवाडी आता ठरल्यासारखीच होती. तेवढ्यात मागच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला.

"तुमच्याकडे कोण पावणे आसत?" शर्मिलाने हळूच विचारलं.

"नाय तर!" रोझारियो म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी दार ढकललं.

खुंटीला शर्ट अडकवलेला होता. खाली उघड्या जमिनीवर, उशाला स्वतःच्या चपला घेऊन, बांधकाम समितीचे सदस्य सदानंद धुरी आडवे पसरले होते. स्वयंपाकघरातून सोकोरोबाई आणि जानकी लगबगीने आल्या, आणि दोघींचे चेहरे पाहून रोझारियोंना सगळं कळलं. दुपारी ते पुढच्या खोलीत झोपायचे तेव्हा मागच्या दाराने सदानंद आणि जानकीची ही ये-जा महिनाभर चालली होती.

सदानंद दचकून उठला, समोर सरपंच पाहिल्या आणि त्याच्या तोंडून कचेरीतली भाषा बाहेर पडली. "मी जागेची पाहणी करीत होतो."

"डोळे मिटून?" अक्कांनी विचारलं.

"थंडावा डोळे मिटल्याशिवाय नीट तपासता येत नाही."

"बरा. तपासलंस तर," अक्का म्हणाल्या. "आता आंबे हाडा, रोझारियो. तुमच्या घरात पिकलेलो आंबो खावचो आसा."

रोझारियोंनी रॉविनाकडे पाहिलं. रॉविनाने जमिनीकडे पाहिलं. उत्तर दिलं ते झोपेतून पुरता न सावरलेल्या सदानंदाने. "आंबे माझ्या माडयेर आसत. चावी शर्टात आसा."

"तुझ्या माडयेर? कित्याक?"

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. रोझारियोंनी टोपली पुढे आणून खाली ठेवली. "माझ्या घरात आंबो पिकणा नाय, अक्का," ते म्हणाले. इतकं कठीण वाक्य ते जन्मात बोलले नव्हते. "सगळा करून बघलंय. शेगडी लावलंय. नाय पिकणा."

सदानंदाची झोप तिथे उतरली. त्याने शर्ट चढवला, बटणं लावली. "ऐकलंत? मी पहिल्यापासून काय सांगत होतो? ज्या वास्तूत हापूस पिकत नाही, तिथे गावची मुलं—"

"चावी दी," अक्का म्हणाल्या.

सगळे उन्हातून बंगल्यावर गेले. जिना चढताना वास भेटला. अक्कांनी वरचं दार उघडलं आणि आतून सुगंध आणि उकाडा असे काही अंगावर आले की शर्मिला एक पायरी खाली उतरली. गवतातून आंबे केशरी चमकत होते. रोझारियोंनी तर टोपीच काढली. अक्कांनी एक आंबा उचलला, हुंगला, डोळे मिटून मान हलवली. मग पदराने मान पुसत, धापा टाकत त्या घाईने बाहेर आल्या.

"अशी खोली आंब्यांका मिळाक नशीब लागता, सदानंद," त्या म्हणाल्या.

"मगे? मी काय म्हणतंय!"

"पण माका पोरां पिकवूची नाय आसत. निजवूची आसत."

शर्मिलाने रॉविनाचा नकाशा तिथेच जिन्यावर मंजूर केला. सदानंदानेही हात वर केला, कारण तो हात वर करेपर्यंत खाली जायला कोणी वाट देत नव्हतं. रॉविनाने पप्पांना मिठी मारली. रोझारियोंनी आनंदाच्या भरात विचारलं, "कामाक खंयच्या दिसापासून लागतंत?"

"उद्याच," अक्का म्हणाल्या. "जुनी खोली उद्या पाडतले."

"आणि नवीन होयसर पोरां खंय बसतली?"

अक्कांनी कुंपणापलीकडच्या कौलांकडे पाहिलं. शर्मिलाने पाहिलं. रोझारियोंनीही पाहिलं, आणि आपण काय विचारून बसलो ते त्यांना कळलं.

आता जून तोंडावर आला आहे. सदानंदाच्या बंगल्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरली आहे. लोक आपापल्या अढ्या घेऊन येतात, आणि सदानंद घाम पुसत सांगतो की असली माडी तालुक्यात दुसरी नाही. अढी पाहायला मात्र जाणता माणूस हवा, म्हणून रोझारियो दुपारभर तिथेच असतात. नसते तर जाणार कुठे? त्यांच्या घरात खिचडी झाली की मुलं भिंतीकडे तोंड करून ओळीने झोपतात. मधोमध अक्का झोपतात, बाजूला सोकोरोबाई आणि जानकी. पुरुषांना पाऊल टाकायला मनाई आहे. रोझारियो एकदाच दारापर्यंत जाऊन आले. त्या पोरांपैकी एकाच्याही कपाळावर घामाचा थेंब नव्हता. वाऱ्याने एकीचे केस हलत होते. ते किती वेळ उभे राहिले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही, आणि परतताना त्यांनी चपला हातात धरल्या.

"रोझारियो," काल सदानंद आंबे उलटता उलटता म्हणाला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "माझ्या अंगणात एक लहानशी खोली होयत काय, तुझ्या चेडवाक विचार मरे. मातयेची. दोन माणसांपुरती."

"विचारीन."

"आणि पोरां उठली काय रे? उठली तर वायच जावन पडाक मिळतला."

रोझारियोंनी खिडकीच्या तापलेल्या काचेला नाक लावून आपल्या घराकडे पाहिलं. तिकडे पान हलल्याचाही आवाज नव्हता. त्यांनी चेहऱ्यावरून निथळणारा घाम पंच्याने पुसला आणि छाती फुगवून सांगितलं, "इतक्यात उठतत काय! माझ्या रॉविनान बांधलला घर आसा ता."